आमचे भावजी आणि टोंगाचा अडथळेवाला

सप्टेंबरचा शेवटचा रविवार. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून वर्ष झालं होतं, पण डिचोलीच्या धुळीला ते कोणी कळवलं नव्हतं. पाऊस ओसरताच खनिजाचे ट्रक सुरू झाले आणि मी अंगणात लाल झालेले पडदे बादलीत बुडवत बसले होते. एवढ्यात माझ्या कानाशेजारून एक पाय गेला. मागोमाग दुसरा, गुडघ्यात मुडपलेला.

हे माझे धाकटे दीर, वसंत भावजी. वय चव्वेचाळीस. बादलीच्या दोन्ही बाजूंनी बैलगाडी जाईल एवढी जागा होती. पण बाजूने जातील ते भावजी कसले!

"टेकनीक, वैनी," ते पलीकडून म्हणाले. "डावो पाय सरळ, उजवो कुशीक."

"आणि साबण माझ्या डोळ्यांत."

गटार, उंबरठा, झोपलेलं कुत्रं, एकदा तर देवळातली पंगत, भावजी सगळ्यावरून जातात. लग्नावरूनही असेच गेले. दिवसभर खाणीच्या काट्यावर ट्रक तोलतात. ट्रक उंच असतात म्हणून वाचतात.

शाळेत ते अडथळ्यांची शर्यत पळायचे. ते अडथळे गावच्या सुताराने फणसाच्या लाकडाचे केले होते आणि जमिनीत हातभर पुरले होते. "माझां काम हलता नये," असं त्याचं म्हणणं. हललं नाही, पोरांच्या नडग्या तेवढ्या हलल्या. भावजी मात्र त्यावरून हरणासारखे जायचे. मग त्यांना पणजीला मोठ्या शर्यतीला पाठवलं. तिथून संध्याकाळच्या बसने परत आले आणि पोटात दुखलं म्हणाले. झाली कारकीर्द.

पुढे कुठल्याशा क्रीडा मासिकात त्यांना टोंगाचा एक अडथळेवाला भेटला. तीन अडथळे पाडून शेवटचा आलेला. त्या दिवसापासून हा गडी आमच्या घरचाच. "गोव्याहून ल्हान देश, वैनी! मध्ये सगळो दर्या!" सख्ख्या भावाचा वाढदिवस भावजींना आठवत नाही, टोंगावाल्याचा दुखरा घोटा कोणता, ते ठाऊक.

त्याच संध्याकाळी दूरदर्शनवर परदेशातल्या मोठ्या स्पर्धा दाखवणार होते. भावजी इस्त्रीचा शर्ट घालून बसले, जणू मुलगी बघायला आलेत. टोंगावाला खरोखरच दिसला. धावला. पाचव्या अडथळ्याला त्याचा पाय लागला, अडथळा कोसळला आणि त्यावर तोही. कॅमेरा पहिल्या आलेल्याच्या मागे निघून गेला. मग शेतीचा कार्यक्रम लागला.

"तो उठलो काय नाय?" भावजींनी विचारलं.

"मला काय विचारता? मी काय टोंगाला होते?"

ताटातलं बांगड्याचं हुमण, त्यांचं आवडतं कालवण, तसंच राहिलं. भावजी हुमण टाकतात म्हणजे प्रकरण गंभीर.

"पणजीक माझ्या पोटात दुखूंक नव्हतां, वैनी," ते ताटाकडे बघत म्हणाले. "माझ्या पायान अडथळो पडलो. आमच्याकडचो कधी पडलो नव्हतो. माका वाटलां, पाडलो म्हणजे बाद. मी दुसरो होतो. गुपचूप भायर गेलो. मागीर पंच म्हणालो, अरे खुळ्या, पडलो तरी धावूंक जाता, बाद नाय."

"मग कोणी सांगितलं कसं नाही तेव्हा?"

"सांगतलो कोण? सगळ्यांची माणसां दोरीपाशी आरडत होती. माझां कोण नव्हतां थंय."

मी ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदे तसेच टाकून मी बाजारात गेले आणि पणजीच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन लावला. "टोंगाचा माणूस पोचला का?" तिकडच्याला वाटलं, कोणी नातेवाईक. फार आदराने वागला बिचारा. कागद चाळून आला आणि म्हणाला, "पोचले, बाई. आठांत आठवे."

मी घरी गेले नाही. तडक काट्यावर गेले. ट्रकांची रांग लागली होती, इंजिनांच्या आवाजात काही ऐकू जाईना. पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा भर रस्त्यात ओरडले, "भावजी! उठला तो! आठवा आला!"

"कोण आठवो?" एक ड्रायव्हर म्हणाला.

भावजींनी आमच्याकडे पाठ फिरवली. खांदे तेवढे हलत होते. ट्रकवाल्यांनी भोंगे सुरू केले, तरी ते काही वळेनात.

शेवटी मीच पुढच्या ट्रकला हात केला आणि काट्यावर घेतला.