खडपेकाकांचा विरोधी पक्ष

खडपेकाका घरातून बाहेर पडताना एक वेळ चष्मा विसरतील, पण खुर्ची नाही विसरणार. फोल्डिंगची, निळ्या पट्ट्यांची खुर्ची, काखेत छत्रीसारखी धरलेली. बँकेत खुर्ची, दवाखान्यात खुर्ची. माझ्या ताईच्या लग्नात अर्धा हॉल रिकामा होता, तरी हा माणूस स्वतःची खुर्ची उघडून तिच्यावर बसूनच जेवला. कारण हॉलच्या खुर्च्यांच्या पाठीवर नगरसेवकाचं नाव छापलेलं होतं.

"माझ्याच टॅक्समधून खुर्ची आणायची, तिच्यावर स्वतःचं नाव टाकायचं आणि वर मलाच म्हणायचं, बसा काका! नाही बसत जा."

आता प्रॉब्लेम असा, की आमच्या अंबरनाथ पूर्वेला सौजन्याशिवाय काही नाहीच. बाकडं घ्या, बसस्टॉप घ्या, पाणपोई घ्या, स्मशानातली शेड घ्या. सगळीकडे लिहिलेलं, अमुक भाऊ यांच्या सौजन्याने. कचराकुंडीवर तर फोटोसकट. तेवढ्या एकाच ठिकाणी काकांची तक्रार नाही. म्हणतात, "फोटो बरोबर जागी लागलाय."

काकांचं एमआयडीसीत लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप होतं. तिथून बोल्ट बाहेर जायचे आणि इन्स्पेक्टर आत यायचे. एकाने सांगितलं, फर्स्ट एडची पेटी लावा. लावली. दुसऱ्याने सांगितलं, पेटी इथे आहे असा बोर्ड लावा. तोही लावला. तिसरा आला, त्याचं बोट त्या बोर्डाच्या पत्र्याने कापलं. काकांनी पेटी उघडली, कापूस हातात घेतला आणि म्हणाले, "आधी अर्ज लिहा साहेब. तीन प्रतींत."

तेव्हापासून काकांचं सरकारशी जमत नाही. कुठल्याच सरकारशी. बाकीचे लोक आपला पक्ष आणि समोरचा पक्ष यावरून भांडतात. काका सगळ्यांना एकाच पट्टीने झोडतात. त्यांचं म्हणणं, लग्न, संसार, शेजारधर्म, देवळातली आरती, हे सगळं कुठल्या खात्याने सुरू केलं नाही, म्हणून बरं चाललंय.

माझी ओळख सांगायची तर मी उल्हासनगरला, कॅम्पात, मोबाईलच्या दुकानात कामाला आहे आणि मी नकला करतो. स्टेशनवरची अनाउन्समेंट, शाळेतले हेडसर, कोणीही. आमच्या सिंधी सेठची नक्कल मी त्यांच्यासमोरच करतो. ते आधी आपल्या सिंधी ढंगात "अरे वडी, काम कर काम!" म्हणून ओरडतात आणि मग गिऱ्हाइकाला बोलावून परत करायला लावतात. काका मला नावाने हाक मारत नाहीत. नकल्या म्हणतात.

तर रोज संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या गेटबाहेर, जांभळाच्या झाडाखाली काकांची सभा भरायची. तिथे सिमेंटचं एक बाकडं आहे. काका त्या बाकड्याला लागून आपली खुर्ची लावणार आणि पेपर उघडणार. बाकड्यावर, झाडाकडच्या टोकाला, त्यांची बायको नलूकाकू लसूण सोलत बसलेली. उरलेल्या जागेत आम्ही पब्लिक.

"नाक्यावर सेल्फी पॉईंट होणार," मी मोबाईलमधली बातमी वाचायचो.

"सांगितलं कोणी?" काका.

"काँक्रीटचा रस्ता परत खोदणार. खालचा पाईप टाकायचा राहिला."

"सांगितलं कोणी? खोदायला नाही रे, पाईप न टाकता बुजवायला!"

"एक आमदार परत आपल्या जुन्या पक्षात गेला."

"बघ. मला वर्कशॉपची एक भिंत सरकवायची होती तर सहा टेबलं फिरवली. हा अख्खा माणूस सरकतो, ह्याला कागद लागत नाही!"

मध्ये बरीच वर्षं नगरपालिकेची निवडणूकच झाली नाही. नगरसेवक नव्हते, प्रशासक होता. काकांच्या आयुष्यातला तो सुवर्णकाळ. रोज सकाळी नळ सोडून बघायचे आणि खूश होऊन खाली यायचे. "नकल्या, नगरसेवक होते तेव्हा जेवढं पाणी यायचं तेवढंच आता येतं. मग एवढी वर्षं ही माणसं नक्की काय करत होती?"

"प्रशासक म्हणजे पण सरकारच की हो," काकू.

"असेल. पण दिसत नाही ना? न दिसणारं सरकार सगळ्यात बरं."

काकूंना हरवणं सोपं नव्हतं. एकदा काका आपल्या जुन्या शिवमंदिराबद्दल बोलत होते. "हजार वर्षं होत आली, देऊळ उभं आहे. का? टेंडर निघालं नव्हतं."

"राजाने बांधलं ना ते? राजा म्हणजे कोण होता, तुमच्यासारखा लेथवाला?"

काका म्हणाले, "राजा होता, पण त्याला परत निवडून यायचं नव्हतं."

बायकांच्या खात्यात पैसे टाकायची स्कीम आली तेव्हा तर घरातच फूट पडली. काका म्हणाले, आपल्या घरात हा पैसा नको, ही लाच आहे. काकूंनी गुपचूप फॉर्म भरून टाकला होता. "तुमच्या तत्त्वाने माझा गुडघा थांबतो का दुखायचा? नाही ना? मग मला तेल आणू दे." तेल आलं. पुढे काकांचाही खांदा दुखला. काकांनी ते तेल लावलं की नाही, यावर आमच्या बिल्डिंगमध्ये दोन मतं आहेत. वास मात्र एकच येत होता.

बोलता बोलता काका तापले की उठून उभे राहायचे. एक हात कमरेवर, दुसऱ्यात पेपरची गुंडाळी, आणि आवाज असा की समोरचा पाणीपुरीवाला पुरी बुडवायचा थांबायचा. मग काकू मान वर न करता म्हणायच्या, "बसा हो. दिल्लीला ऐकू गेलं."

आणि काका बसायचे. गपचूप. ज्या माणसाला एमआयडीसीतले सगळे इन्स्पेक्टर मिळून बसवू शकले नाहीत, तो एका लसणाच्या पाकळीसमोर बसायचा.

एका गणपतीत मी स्टेजवर काकांची नक्कल केली. काखेत खुर्ची, गुंडाळीचा पेपर, सगळं. मंडप हसून आडवा. शेवटी मी काकांच्या आवाजात म्हटलं, "सरकारने ह्याच्यावर काहीतरी केलं पाहिजे!" कार्यक्रम संपल्यावर काका खुर्ची घेऊन माझ्याकडे आले.

"आवाज बरोबर. हात बरोबर. पण शेवटचं वाक्य मी आयुष्यात बोललो नाही. नक्कल करायची तर नीट कर."

मागून काकू म्हणाल्या, "माझी पण कर ना रे." मी म्हटलं, काकू, तुमचं एकच वाक्य आहे. त्या म्हणाल्या, "एकच पुरतं."

त्या बाकड्याची पण एक गंमत सांगायची राहिली. त्याच्या पाठीवर ज्या नगरसेवकाचं नाव होतं, त्याने पक्ष बदलला की बाकड्यावरचं चिन्ह बदलायचं. जुन्यावर नवा रंग, त्याच्यावर आणखी नवा. पण प्रशासकाच्या काळात रंगवायला कोणी आलंच नाही. आणि काकू रोज तिथेच टेकून बसायच्या. पाठ घासून घासून आधी चिन्ह गेलं, मग हळूहळू त्याचं नाव गेलं. उरलं फक्त 'यांच्या सौजन्याने'. काका म्हणायचे, "पाच वर्षांत मतदारांना जे जमलं नाही ते हिच्या पाठीने केलं."

मागच्या वर्षी काकू गेल्या. ताप आला, हॉस्पिटल झालं, आणि झालंच. त्या गडबडीत खुर्ची बरोबर घ्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. स्मशानात शेड होती, शेडमध्ये बाक होते, बाकांवर नावं होती. सगळे म्हणाले, काका, आज तरी बसा. काका शेवटपर्यंत उन्हात उभे राहिले.

त्यानंतरही सभा भरली, पण बिघडली. काका तापायचे, उठायचे, आणि उभेच राहायचे. बसा म्हणणारं कोणी नव्हतं. एका विषयातून दुसऱ्यात जायचे. पाईपवरून आमदारावर, आमदारावरून इन्स्पेक्टरवर. गाडी सुटलेली, ब्रेक गायब. ऐकणारे एकेक करून उठून गेले. शेवटी काकांनी पेपर आणणं बंद केलं. नुसती खुर्ची लावून बाकड्याशेजारी बसायचे. झाडाकडच्या टोकाला आम्ही पोरं बसलो की म्हणायचे, "तिकडे मुंग्या आहेत." मी एकदा नीट बघितलं. मुंग्या नव्हत्या.

मग निवडणूक झाली आणि आमच्या वॉर्डात नवीन भाऊ निवडून आला. कालपर्यंत माझ्याबरोबर गल्लीत क्रिकेट खेळायचा, आऊट झाला की बॅट घेऊन घरी जायचा. एका रविवारी संध्याकाळी तो टेम्पो घेऊन गेटवर हजर. टेम्पोत स्टीलचं बाकडं. बरोबर चार माणसं, जुनं बाकडं उचलायला.

काका वरून धावत खाली आले. अनवाणी. आणि स्मशानातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, बिनखुर्चीचे.

"हात लावू नका!"

"काका, नवीन देतोय ना," भाऊ म्हणाला. "स्टेनलेस स्टील. पाठीत लाईट."

"लाईट कशाला?"

"काळोखात पण नाव दिसायला पाहिजे ना."

"दिवसा बघून लोकांचं पोट भरत नाही का?"

पब्लिक हसलं. भाऊपण हसला. मग म्हणाला, "पण काका, तुम्ही तर ह्याच्यावर एकदा पण बसला नाहीत. तुम्हाला काय फरक पडतो?"

काका सुटले. "जुनं आहे. मोडलेलं नाही. कोणाच्या वाटेत नाही. मग बदलायला सांगितलं कोणी? चालतंय ते चालू द्यायला काय जातं तुमचं?" तिथून देऊळ, देवळावरून पाईप, पाईपवरून इन्स्पेक्टर. उजवा हात हवेत गुंडाळी शोधत होता, आणि हातात काहीच नव्हतं. माणसांनी बाकड्याचं झाडाकडचं टोक उचललं तसा काकांचा आवाज फाटला. तरी थांबेनात. थांबता येईना.

माझं तोंड कधी उघडलं मला कळलं नाही. मान खाली घातली आणि म्हटलं,

"बसा हो. दिल्लीला ऐकू गेलं."

उचलणाऱ्यांनी टोक हळूच खाली ठेवलं. मला वाटलं, आता कानफटात बसणार.

काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. सवयीने मागे हात नेऊन खुर्ची चाचपली. खुर्ची नव्हती. मग ते बाकड्यावर बसले. रस्त्याकडच्या टोकाला, झाडाकडची जागा मोकळी सोडून.

भाऊ डोकं खाजवत म्हणाला, "काका, पण नाव आहे ना ह्याच्यावर. आधीच्या माणसाचं."

"वाच बघू."

तो मागे गेला, वाकला. "'यांच्या सौजन्याने.'"

"कोणाच्या?"

"ते पुसलंय."

"मला माहितीये कोणाच्या," काका म्हणाले.

काकू लसणाबरोबर पोरांसाठी भुईमुगाच्या शेंगाही सोलायच्या, आणि त्या भाऊनेही खाल्ल्या होत्या, बॅट घेऊन घरी जाताना. त्याने माणसांना हात केला. स्टीलचं बाकडं पुढे नेऊन कचराकुंडीशेजारी ठेवलं. आता त्याचं नाव तिथे झगमगतं.

गर्दी पांगली. मी पण सटकत होतो.

"नकल्या."

"हो काका. सॉरी काका."

"'दिल्लीला' बरोबर होतं." ते समोर रस्त्याकडे बघत होते. "पण 'बसा हो'मधला 'हो' जरा लांब असायचा तिचा. आणि लसूण सोलता सोलता म्हणायची, म्हणून आवाज जरा दबलेला."

"हो काका."

"मग? परत म्हण. नक्कल करायची तर नीट कर."

मी मान खाली घातली, हातात नसलेला लसूण धरला आणि परत म्हटलं. काका बसलेलेच होते. तरी अजून थोडे टेकून बसले.