कापसाच्या खोलीतली समस्यापूर्ती

कापसाच्या खोलीत बसून कविता पाठ करायची असं मी ठरवलं, तेव्हा त्यात माझ्या जिवाला काही धोका असेल असं वाटलं नव्हतं. (कवितेचा धोका ऐकणाऱ्याला असतो, हा तोवरचा अनुभव.)

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, आणि आमच्या पिंपळगाव राजाच्या वाचनालयात निवृत्त भगवंतराव मास्तरांनी दर रविवारी काव्यवर्ग सुरू केला होता. वर्गात आम्ही मोजकेच. त्यात एक मी, म्हणजे सोसायटीतला कारकून शेषराव, आणि दुसरा माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारा उकंडराव. उकंडराव कापसाच्या जोडीला वांगी-मिरच्या पिकवायचा आणि वर्गात माझ्या कवितेला जांभया द्यायचा. संक्रांतीच्या कविसंमेलनासाठी मास्तरांनी सगळ्यांना एकच ओळ दिली, ‘कोण तिथे अंधारात?’ पुढच्या ओळी ज्याच्या त्याने रचायच्या. याला समस्यापूर्ती म्हणतात.

“आवाज पोटातून आला पायजे,” मास्तर म्हणाले. “ऐकनाऱ्याच्या अंगावर काटा आला पायजे.”

घरात पोटातून आवाज काढायची सोय नव्हती. एकदा सोप्यात काढून पाहिला, तर आमची सत्यभामा ओव्याची पुरचुंडी घेऊन आली. “अजी, पोट दुखून राह्यलं काय?”

म्हणून ती खोली. भाव चढेल या आशेवर त्या साली शेतातला सगळा कापूस घरातच ठेवला होता, पार आढ्यापर्यंत. दिवेलागणीला सत्यभामा गल्लीतल्या वच्छलाबाईकडे तीळ निवडायला गेली, तसा मी आत शिरलो, दार ओढून घेतलं आणि ढिगावर चढून बसलो. कंदील नेला नाही. कापसाजवळ कंदील नेणारा माणूस आमच्या घरात जेवायला राहत नाही.

कापसाच्या खोलीतला अंधार वेगळा असतो. तो अंगाला चिकटतो. आणि आवाज? मी सहज खाकरलो, तर ते खाकरणं ओठांशीच विझलं, कुणीतरी तोंडावर उशी ठेवावी तसं. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत असणार, पण मला माझा श्वाससुद्धा दुसऱ्या कुणाचा वाटायला लागला. मागे कापूस खसखसला. मी वळलो. दिसणार काय?

धीर करून मी पोटातून म्हटलं, “कोण तिथे अंधारात?”

रचून ठेवलेली पुढची ओळ आठवेना. मी वाट पाहत बसलो.

आणि भिंतीच्या बाजूने, कापसाच्या आतून, खोल विहिरीतून यावा तसा आवाज आला, “कोण तिथे अंधारात?”

प्रतिध्वनी, मी मनाशी म्हटलं. पण कापसात प्रतिध्वनी नसतो, हे मनाला माहीत होतं. मानेवरचा केस न् केस उभा राहिला. (मास्तरांनी पाहिलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क दिले असते.)

“मी,” मी कसाबसा म्हणालो.

 मग तोच आवाज, थरथरत, “मी कोन?”

हा प्रश्न साधुसंतांना पडतो. मला पडला तेव्हा उत्तर आठवेना. मी उठून पळायला गेलो, पाय ढिगात रुतला आणि भिंतीकडेच्या फटीत मी सरळ खाली गेलो. वरून कापूस आला. तोंडात, नाकात, कानात कापूस. मी ओरडलो, “सत्यभामाऽ!”

ती नेमकी तेव्हाच वच्छलाबाईला सोबत घेऊन आली होती. वच्छलाबाई म्हणजे भुताखेतांच्या बाबतीत आमच्या गल्लीचं हायकोर्ट.

“मायबाई! माहं नाव घेऊन राह्यलं ते!” सत्यभामा किंचाळली आणि तिने बाहेरून कडी घातली.

“भिऊ नको,” वच्छलाबाई म्हणाली. “इचारतो मी त्याले. कोन होय बे तू?”

“शेषराव!” मी कापसातून ओरडलो.

“शेंदूर म्हन्ते. शेंदूर पायजे त्याले.”

तेवढ्यात भिंतीकडून दुसरा आवाज रडवेला होऊन आला, “शालूऽ! अवं शालूऽ!”

“दोघं हायेत वं! एकाले शेंदूर पायजे, दुसऱ्याले शालू!”

“शालू?” सत्यभामाचा आवाज एकदम खणखणीत झाला. “मले लग्नात नाही भेटला शालू, अन् याले पायजे?”

“तू इस्तो आन. मिरच्याची धुनी देऊ.”

इस्तो म्हणजे निखारे.  दाराच्या फटीपाशी निखाऱ्यांची पाटी, आत वर्षभराचा कापूस, आणि कापसात मी. एक ठिणगी उडाली असती तर माझी राखही वेगळी काढता आली नसती. ‘नको, नको’ म्हणून मी जिवाच्या आकांताने ओरडलो. बाहेर ते घुबडासारखं ऐकू गेलं असावं, कारण वच्छलाबाई म्हणाली, “पाह्य, घाबरलं. आन लवकर.”

“पन मावशी, आत कापूस हाये.”

“भूत काढाचं का कापूस सांभाळाचा?”

“कापूस,” सत्यभामा म्हणाली.

त्या एका शब्दाने माझा जीव वाचला. (माझ्यासाठी नव्हे, हे लक्षात आलं होतं. पण तेव्हा मानापमान सुचत नव्हता.) सत्यभामाने मुसळ उचललं, कडी काढली आणि दार ओढलं. कापूस धो धो बाहेर आला आणि त्याच्याबरोबर गडगडत मी, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा.

वच्छलाबाईने लुगडं सावरलं आणि मदतीसाठी थेट उकंडरावाच्या घराकडे धाव घेतली. तिथून अगदी माझ्यासारखंच दुसरं पांढरं ध्यान खोकत बाहेर येत होतं. ती दोन्ही दारांच्या मधे रस्त्यातच बसली, आणि बसूनच राहिली.

उकंडरावालाही घरात पोटातून आवाज काढायची सोय नव्हती. त्यालाही त्याची कापसाची खोलीच सुचली होती. दोन्ही खोल्यांच्या मधे एकच भिंत, आणि तिच्यात हवेसाठी ठेवलेला झरोका. शालू म्हणजे त्याची बायको शालूबाई. ती मळ्यातून परत येऊन दारात उभी होती आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत होती.

“अजी, तुमी?” सत्यभामाने विचारलं.

“कविता पाठ करत होतो,” मी मिशीतला कापूस काढत म्हणालो. “संमेलनासाठी.”

तिने मुसळ भिंतीला टेकवलं. अंगणभर पसरलेल्या कापसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“भूत असतं त बरं झालं असतं,” ती म्हणाली. “नारळ फोडला का गेलं असतं.”