गांगुर्डे नानांची चाव्यांची फळी

गांगुर्डे नानांच्या देवघरात देव पाच आणि चाव्या अकरा. शनिवारी चाव्या सोळापर्यंत जायच्या, देव तेवढेच राहायचे. सप्तशृंगीच्या तसबिरीखाली प्लायवूडची एक फळी, फळीला खिळे, खिळ्यांना मोटरसायकलींच्या चाव्या आणि प्रत्येक चावीला लाल पुठ्ठ्याचा टॅग. टॅगवर नाव, गाडीचा नंबर आणि सही. देवघरच का, असं मी एकदा विचारलं. नाना म्हणाले, "रातच्याला राखण कोण करील सर? मी तर झोपतो."

नाना सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. तिथला नियम असा की दुरुस्तीला मशीन उघडलं की फिटरनं मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं आणि आपल्या नावाचा लाल टॅग अडकवायचा. मग मॅनेजर येवो की मालक येवो, ते कुलूप दुसऱ्या कोणी काढायचं नाही. ज्यानं घातलं त्यानंच काढायचं. या एका नियमावर नानांची सगळी नोकरी दहाही बोटं शाबूत ठेवून पार पडली. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, नातवंडं सांभाळतात. नाना फळी घेऊन आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, विलासशेठच्या परमिट रूमसमोर खुर्ची टाकून बसायला लागले.

संध्याकाळी सात वाजता अंगात कारखान्याचा निळा शर्ट, खिशाला मार्कर. कोणी गाडी लावून आत निघाला की नाना हात पुढे करायचे.

"चावी."

"का म्हणून?"

"आत जाऊन तुमचं मशीन उघडणार हाय. टॅग लावावा लागंल."

नानांना हा अधिकार कोणी दिला होता? कोणीच नाही. सुरुवातीला लोकांनी यथेच्छ शिव्या दिल्या. नाना त्या शांतपणे ऐकायचे आणि हात तसाच पुढे ठेवायचे. हळूहळू चाव्या यायला लागल्या. त्यात नानांच्या चिकाटीचा वाटा होताच, पण खरी करामत आमच्या गल्लीतल्या बायकांची. भाजीच्या गाडीवर त्या नानांना विचारायच्या, काल कोणी कोणी चावी दिली नाही? आणि नाना खोटं बोलत नसत.

सकाळी साडेसहापासून नानांच्या ओट्यावर मंडळी जमायची. ज्याची सही, त्यानंच येऊन टॅग काढायचा. जाधव कॉन्ट्रॅक्टरनं एकदा बायकोला पाठवलं. "वहिनी, सही तुमची नाय. त्यांना पाठवा," म्हणून नानांनी तिला परत पाठवलं. जाधव बनियनवरच तावातावानं आला. नानांनी त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि कप रिकामा झाल्यावर एक बोल्ट आणि एक नट दिला. नट एका दमात बोल्टवर चढला तर चावी, नाही तर आणखी एक चहा. आदल्या संध्याकाळी टेबलावर मुठी आपटणारी माणसं सकाळी ओट्यावर चौथीतल्या पोरांसारखी मांडी घालून नट फिरवत बसलेली मी स्वतः पाहिली आहेत. मी शाळामास्तर आहे, मला इतका शांत वर्ग कधी मिळाला नाही.

या वर्गात एकदा मीही बसलो. झालं असं की विलासशेठला एक निरोप द्यायला मी स्कूटरवरून गेलो होतो. नानांनी हात पुढे केला. म्हटलं, नाना, मी पीत नाही. "सगळे हेच म्हणू राहिले सर," नाना म्हणाले आणि त्यांनी माझ्या तोंडाजवळ नाक आणलं. मी नुकतंच खोकल्याचं औषध घेतलं होतं. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. मी चालत घरी आलो. सकाळी ओट्यावर माझा हात रागानं इतका थरथरत होता की नट काही चढेना. नाना जाधवला हळूच म्हणाले, "सरांची अजून उतरली नाय." ही बातमी प्रार्थनेच्या घंटेआधी शाळेत पोचली होती.

त्यामुळे बार बंद करा असा अर्ज कॉलनीनं करायचा ठरवला तेव्हा तो लिहायला मी एका पायावर तयार झालो. चांगला दोन पानी, दणदणीत अर्ज लिहिला. बऱ्याच जणांनी सह्या केल्या. नानांनी चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचला आणि परत केला.

"हे नाय जमायचं, सर."

"का? तुम्हालाच तर दारूचा एवढा तिटकारा."

"तिटकारा कोण म्हणलं? हा बंद झाला की हीच माणसं हायवेला जातील. इथून निदान पायी घरी जाता येतं. बार किती वाजता बंद होतो ते नका विचारू. गिऱ्हाईक कशावर बसून घरी जातं ते विचारा."

त्यांना अर्जात एकच गोष्ट हवी होती. पहिला पेग टेबलावर यायच्या आधी गाडीची चावी गल्ल्यावर जमा, आणि घरी सोडायला रिक्षा बोलवायची ती बारवाल्यानं. फळी विलासशेठच्या भिंतीवर लागली पाहिजे, आपल्या देवघरात नाही. "मी मेल्यावर कोण बसणार हाय खुर्चीवर?" ते म्हणाले. या एका गोष्टीपायी नाना झोपेतसुद्धा बडबडत असतील, अशी माझी खात्री होती.

रविवारी सकाळी समाजमंदिरात बैठक झाली. विलासशेठही आले. ते वाईट गृहस्थ नाहीत, पण धंदेवाले आहेत. म्हणाले, "माझं लायसन दारू विकण्याचं आहे. दाराबाहेर काय होतं ते बघायला पोलीस आहेत. चाव्या मागायला लागलो तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल." अर्ध्या लोकांना ते पटलं, अर्ध्यांना बारच नको होता, आणि नानांच्या बाजूला कोणी नव्हतं.

नाना उभे राहिले. मला वाटलं, आता मशीन आणि टॅग निघणार.

"निकम म्हणून माझा हेल्पर होता," नाना म्हणाले. "ओझरला राहायचा. त्याला फिटर केलं म्हणून आम्ही हायवेच्या एका हॉटेलात पार्टी केली. निघताना त्याला चावी सापडंना. सगळे शोधू राहिले. ती मला सापडली, टेबलाखाली. मी वाकून काढली, शर्टाला पुसली आन् त्याच्या हातात दिली. दिवसभर मशीनला कुलपं लावणारा माणूस मी. हॉटेलवाला दारातच उभा होता. त्यालाही दिसत होतं. तो म्हणला, सावकाश जा."

नानांनी विलासशेठकडे पाहिलं.

"तो ओझरला पोचला नाय. शेठ, मी एकटा 'जाऊ नको' म्हणलो असतो तर त्यानं ऐकलं नसतं कदाचित. आम्ही दोघं म्हणलो असतो तर ऐकलं असतं."

विलासशेठ चपला घालायला बाहेर गेले, तेव्हा मला वाटलं, गेले हे. पण ते दारातूनच म्हणाले, "नाना, फळी मोठी लागेल. भिंत मी रिकामी करून ठेवतो."

फळी लागली. पहिल्या आठवड्यात काही गिऱ्हाईक तुटलं खरं, पण संध्याकाळी दोन रिक्षा तिथे ठरून उभ्या राहायला लागल्या आणि बाकीचे सरावले. मी अर्ज नव्यानं लिहिला. आता त्यात शहरातल्या सगळ्या बारांसाठी हाच नियम मागितला आहे आणि पहिली सही गांगुर्डे नानांची आहे. होईल का, माहीत नाही. पण एका भिंतीवर झालं म्हणजे दुसऱ्या भिंतीवर व्हायला हरकत नसावी.

फळी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या गॅलरीतून पाहिलं तर नानांनी सवयीनं ओट्यावर सतरंजी अंथरली होती. स्टोव्हवर मोठं पातेलं चढलेलं, शेजारी कप मांडलेले. चाव्या आता विलासशेठकडेच मिळत होत्या. नानांची बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला. ओट्यावर ते एकटेच बसले होते.

मला पाहून म्हणाले, "आज कोणी नाय, सर. चांगलं झालं."

मी हो म्हटलं.

"चांगलंच झालं," ते पुन्हा म्हणाले. मी चपला शोधत खाली उतरलो. मी रस्ता ओलांडेपर्यंत जाधव कॉन्ट्रॅक्टर ओट्याशी पोचला होता. गाडी नव्हती, पायीच आला होता.

"तुमची चावी शेठकडं हाय," नाना म्हणाले.

"ठाऊक आहे." जाधवनं सतरंजीवर मांडी ठोकली. "साखर कमी टाका आजपासून. शुगर निघाली आहे. मागून पाटील येतोय, त्याला नेहमीसारखा द्या."

नाना उठले. गाळणी आणतो म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. गाळणी पातेल्याशेजारीच होती. चहा उतू जायला लागला तेव्हा मी पातेलं उतरवलं, आणि मी आणि जाधव त्यांची वाट पाहत बसलो.