कातळावरचे दुपारचे ठोके

बाळाजी स्वतःला तालुक्यातला एकमेव कार्यरत गुप्तहेर म्हणवत. नजर घारीची, कान सशाचे, बुद्धी... इथं ते थांबत. पुढचं ऐकणाऱ्यानं भरावं, अशी त्यांची अपेक्षा असे. त्यांचा साहाय्यक दादू अशा वेळी चपलेचा अंगठा तपासत बसे.

प्रकरण क्रांतीचं. क्रांती म्हसळ्याच्या शाळेत शिकवायची. खाणीतल्या सुरुंगांनी तिच्या घराच्या भिंती तडकल्या होत्या. खाणवाला म्हणे, भिंतीच कच्च्या. म्हणून तिनं मैत्रिणीच्या कॉलेजातून कंपनं टिपणारं यंत्र आणून घरामागच्या कातळावर चिकटवलं. महिन्याभराची नोंद संगणकावर उघडली, तर सुरुंगांचे उंच सुळके लख्ख दिसले. पण रोज दुपारी, ती शाळेत असताना, एक जाड काळा ठोकळाही उमटला होता. उद्या तहसीलदारांपुढं सुनावणी. खाणवाल्याचा वकील एवढंच विचारणार, हे काय? उत्तर नसलं की यंत्रच खोटं.

मदतीला आलेल्या बाळाजींनी पडद्याला भिंग लावलं. ठोकळा आणखी जाड झाला.

"पाणबुडी."

"काका, समुद्र तिकडं श्रीवर्धनला," क्रांती म्हणाली.

"म्हणूनच कुणाला संशय येत न्हाय."

मग भुयार. मग भूत.

"दुपारचं?" दादूनं विचारलं.

"पाळी बदलली असंल."

(इथं एक चौथा सिद्धांत होता. तो शेजारच्या सुनेविषयी असल्यानं दादूनं काढायला लावला.)

"काका, जरा सरकता का?" क्रांती म्हणाली. "अख्खा महिना एका पट्टीत कोंबलाय. रेघा एकमेकींना चिकटणारच."

तिनं माउसचं चाक फिरवलं. महिन्याचा दिवस झाला, दिवसाची दुपार. ठोकळा विरघळला आणि त्याच्या जागी सुटेसुटे ठोके उभे राहिले. एक भारी, एक हलका. भारी, हलका. मध्ये लांबलचक सपाट रेघ. पुन्हा भारी, हलका.

"दोघं आहेत," क्रांती म्हणाली. "आळीपाळीनं काहीतरी आपटतात. मध्येच थांबतात."

"सपाट रेघ म्हंजी कट शिजतोय," बाळाजी म्हणाले.

"चहा," दादू पुटपुटला.

"आणि हा हलका ठोका बघ. कामचुकार इसम. अंग चोरतोय."

दादूनं मान खाली घातली. क्रांतीनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग बाळाजींच्या सदऱ्यावरच्या भाताच्या कुसळांकडं.

"काका, तुम्ही भात कुठं झोडता?"

"तुझ्या मागच्या कातळावर. वाडीत तेवढाच सपाट हाय. का गं?"

क्रांतीनं खिडकीतून कातळाकडं बोट केलं.

"त्या यंत्राच्या शेजारी?"

"शेजारी कशाला? त्याला घमेल्याखाली झाकून ठेवतो आमी. गुप्तता म्हणून."

क्रांतीनं डोळे मिटले, उघडले. "उद्या फक्त एक वाक्य बोलायचं. मी भात झोडत होतो. पाणबुडी नाही, भूत नाही."

"एवढंच? लोक काय म्हणतील?"

"माझं घर उभं राहील, काका."

रात्रभर बाळाजींनी ते वाक्य लांब करायचा प्रयत्न केला. दादूनं ते पुन्हा पुन्हा छाटलं.

सुनावणीत वकिलानं ठोकळ्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

बाळाजी उठले. छाती फुगली. तोंडाचा आकार पाणबुडीच्या 'पा'चा झाला होता. समोर क्रांती बसली होती.

"भात झोडत व्हतो, साहेब."

"आणखी काही?"

"...न्हाय. भातच."

तहसीलदारांनी मान डोलावली, बोट सुरुंगाच्या सुळक्यावर सरकवलं आणि खाणवाल्याकडं पाहिलं.

"मग हे काय आहे?"

खाणवाला वकिलाकडं वळला, वकील कागद चाळू लागला. उत्तर द्यायला बाळाजी पुन्हा उठले, आणि दादूनं त्यांचा सदरा धरून खाली ओढला.