कापगतेकाका आणि गल्लीभरच्या पर्सा

कापगतेकाका आमच्या घरी आले की आधी माणसांकडे पाहत नाहीत. दाराच्या मागे पाहतात. तिथल्या खिळ्याला माझी पर्स लटकलेली दिसली, की संपलं.

"मास्तरीणबाई, फाशी काहून देली हो तिले?"

मग दोन्ही हातांनी पर्स उतरवायची, झोपलेलं लेकरू उचलावं तशी. टेबलावर उभी ठेवायची, पट्टे हळूच आत घालायचे आणि मगच खुर्चीत बसून पाणी मागायचं. पर्स माझी, टेबल माझं, पण त्या पाच मिनिटांत मीच पाहुणी असल्यासारखी उभी असते.

लग्न होऊन मी नागपूरहून मध्य प्रदेशात बालाघाटला आले, तेव्हापासून काका आमच्या शेजारी आहेत. जन्म गेला जंगल खात्याच्या लाकूड डेपोत, सागवानाच्या थप्प्या रचण्यात. दोन ओंडक्यांमधून वारा गेला पाहिजे, खालून ओल चढता कामा नये, उन्हानं तडा जाता कामा नये, हे त्यांचं शास्त्र. निवृत्त झाल्यावर लाकडं उरली नाहीत, म्हणून ते शास्त्र त्यांनी गल्लीतल्या बायकांच्या पर्सांवर वळवलं.

"लाकूड असो का चामडं," ते म्हणत, "हवा खेळू द्या."

ठवरेवहिनींनी नवी पर्स प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधून ठेवली होती. काकांनी ती पन्नी स्वतः सोडली. "तिचा जीव गुदमरते न व बाई! जुन्या उशीच्या खोळीत ठेव. सुती पाह्यजे, टेरिकॉट नाही." कपाटात पांढरीला खेटून काळी ठेवलेली दिसली की त्यांचा चेहरा पडे. "रंग चढते. मंग तुमी रडसान." आत कागद भरायचे, पण इतके नाही की पोट फुगेल. छापील कागद असेल तर त्यावर फडकं गुंडाळायचं, नाहीतर शाई अस्तराला लागते. महिन्यातून एकदा सगळ्या पर्सा बाहेर काढून सावलीत ठेवायच्या. उन्हात नाही, सावलीत. हे "सावलीत" ते बोट वर करून सांगत.

गल्लीत त्यांच्या चपलांचा आवाज आला की घराघरात खिळे रिकामे होत. मी एकदा घाईघाईत पर्स फ्रीजमध्ये लपवली होती. पण खरं सांगायचं तर पूर्वी माझी पर्स एका पावसाळ्यात पापुद्रे सोडायची, आणि आत्ताची सहा वर्षं टिकून आहे. त्यामुळे हसायचं ते तोंड फिरवून.

एका माणसाला, तेही एकट्या राहणाऱ्या, बायकांच्या पर्सांचा एवढा घोर का, हे मात्र कुणी विचारलं नाही. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी पल्लवी हैदराबादला. तिनं आपल्या मनानं, जातीबाहेर लग्न केलं. काका लग्नाला गेले नाहीत, आणि नऊ वर्षांत तीही आली नाही. तिचं नाव निघालं की काका छताकडे पाहत आणि पंख्याला तेल द्यायला हवं म्हणत. आम्हीही मग पंख्याबद्दलच बोलत असू.

गेल्या उन्हाळ्यात ठवऱ्यांच्या भाच्याचं लग्न लांजीला होतं. जीप करून सगळी गल्ली गेली. मी पंगतीत बसले होते, पहिला घास हातात होता, आणि मंगल कार्यालयाच्या मागून एका बाईची किंचाळी ऐकू आली.

"ऐ! ये अंकल पर्स में क्या कर रहे हैं?"

मी खरकट्या हातानंच धावले. काका पाणी शोधत शोधत बायकांच्या खोलीवरून गेले होते. दार उघडं, खोली रिकामी आणि भिंतीवर ओळीनं खुंट्यांना दहा-बारा पर्सा लटकलेल्या. त्यांना राहवलं नाही. त्यांनी एकेक उतरवून चटईवर अंतर ठेवून उभी केली, आणि पंगतीतले कागदी रुमाल आणून प्रत्येकीत भरायला सुरुवात केली. तेवढ्यात नवरीकडची बाई आली.

मी पोहोचले तेव्हा एका धिप्पाड माणसानं एका हातानं काकांची कॉलर धरली होती आणि दुसऱ्या हातात पुरावा म्हणून एक पर्स पट्ट्यानं लोंबकळवली होती. भोवती ही गर्दी. काका चढ्या आवाजात नव्हे, अगदी समजावणीच्या सुरात म्हणत होते, "भैया, पहले उसका पट्टा छोड़ो. फिर मेरी कॉलर."

"चोर नहीं हैं!" मी ओरडले. "ये निकाल नहीं रहे हैं, भर रहे हैं!"

बायकांनी आपापल्या पर्सा तपासल्या. काहीच गेलं नव्हतं. उलट बऱ्याच पर्सांत चार-चार रुमाल जास्तीचे निघाले. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी खोली हसायला लागली. कॉलर सुटली. नवरीची आई पुढे आली आणि हळूच म्हणाली, "अंकल, मेरी वाली का किनारा उखड़ रहा है. क्या करूँ?" मग काय, जेवणं राहिली बाजूला आणि काकांपुढे बायकांची रांग लागली.

तिथेच सगळं संपलं असतं तर बरं होतं. पण कुणीतरी मोबाइलवर आधीचा गोंधळ तेवढा काढला होता. दुसऱ्या दिवशी "पर्सवाले अंकल" बालाघाटपासून किरनापूरपर्यंत ज्याच्या त्याच्या फोनवर. त्यात रांग नव्हती, हसणं नव्हतं. आरडाओरडा होता आणि कॉलर होती.

काकांचं दार बंद झालं. चार दिवस चपलांचा आवाज नाही. गल्लीतल्या बायकांनी पर्सा मुद्दाम दारापाशी लटकवून पाहिल्या, तरी ते आले नाहीत. मी भाजी घेऊन गेले, तर त्यांनी दार अर्धंच उघडलं. दाढी वाढलेली.

"बायांच्या पर्सेले हात लावणारा म्हातारा, असं पाहून राह्यले लोक," ते म्हणाले. "आता नाही येत म्या कोनाकडं."

मला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली. म्हणजे त्यांच्यासाठी.

पाचव्या दिवशी रविवार होता. सकाळी आमच्या दारात ऑटो थांबला. एक तिशीतली बाई उतरली, सोबत पाच वर्षांची मुलगी.

"मी पल्लवी. कापगत्यांची," ती म्हणाली. "मैत्रिणीनं व्हिडिओ पाठवला. त्यांची कॉलर धरली होती हो कोणीतरी. मला बसवेना तिकडे." मग शेजारच्या बंद दाराकडे पाहत म्हणाली, "उघडतील ना? तुम्ही येता का सोबत?"

कडी मीच वाजवली. काकांनी दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, पल्लवीकडे पाहिलं, खाली मुलीकडे पाहिलं. मला वाटलं, आता पंखा निघतो. पण काका दारातून बाजूला झाले, आणि तिला आत जायला वाट मिळाली.

ते थेट आतल्या खोलीत गेले आणि कपाट उघडलं. कप्प्यांत उशीच्या धुतलेल्या खोळी उभ्या होत्या, दर दोहोंत चार बोटांचं अंतर. पल्लवीनं एक खोळ काढली. तिची कॉलेजची तपकिरी पर्स. दुसरीत लग्नकार्याची, टिकल्यांची. तिसरीत तिच्या आईची काळी. एकीलाही चुणी नाही, डाग नाही.

"बाबा, मी तर तेव्हाच फोनवर म्हटलं होतं, माझं राहिलेलं सामान टाकून द्या."

"हौ. म्हटलं होतं तू."

"मग?"

"पहिल्या पावसाळ्यात तुह्या आईच्या काळ्या पर्सेले बुरशी आली," काका कपाटाकडेच पाहत म्हणाले. "म्या घाबरलो. म्हटलं, पोरगी आली अन् हे पाह्यलं तर काय म्हणन? मंग मोच्याले विचारलं. दुकानात विचारलं. शिकलो."

"नऊ वर्षं हेच करत होता?"

"पावसाळा दरसाल येतेच ना व."

पल्लवीनं काळी पर्स पोटाशी धरली आणि पलंगावर बसली. काका एकदम वळले. "च्या ठेवतो," म्हणत स्वयंपाकघरात गेले. मी निघायला हवं होतं, पण मुलीनं माझा पदर धरून ठेवला होता.

आतून आवाज आला. "पल्लवी, साखर किती व?"

"अजूनही दोनच, बाबा."

बरणीत चमचा दोनदा वाजला. मग नळ सुरू झाला, आणि बराच वेळ सुरूच राहिला. पल्लवी डोळे पुसत उठून आत गेली.

"नाना रो रहे हैं क्या?" मुलीनं मला विचारलं.

"नाही गं," मी म्हणाले, "कप धुताहेत."

नळ बंद झाला. मग आतून दोघंही हसल्याचा आवाज आला.