पिवळं पाकीट

ग्लेनिस चहाच्या खोलीत शिरली आणि लिओनीने हातातलं पिवळं पाकीट घाईघाईने ब्रेडच्या डब्यात कोंबलं.

यारानूक गावाच्या पाणीखात्यात पिवळं पाकीट म्हणजे निरोपाचं कार्ड, हे तिथल्या खुर्च्यांनाही माहीत होतं. ज्याला निरोप द्यायचा, त्याच्या नजरेला ते पडता कामा नये. बाकी सगळ्यांनी गुपचूप सही करायची.

"डब्यात काय आहे, लिओनी?"

"ब्रेड."

"आणि ब्रेडखाली?"

"खोटं बोलायचं नाही असं तूच फ्रिजवर लिहून लावलंयस. तेव्हा मी आता काहीच बोलत नाही."

फ्रिजवरचा तो कागद म्हणजे ग्लेनिसचा जीव की प्राण. शेजारच्या गावाचं पाणीखातं यारानूकच्या खात्यात मिसळणार होतं आणि त्यात एक जागा जाणार होती. कोणाची, ते मुख्य कचेरी ठरवणार होती. पण हे काम माणुसकीनेच झालं पाहिजे, असं म्हणून कचेरीप्रमुख ग्लेनिसने चार पानी नियमावली लिहून पाठवली होती. जाणाऱ्याला त्याच्या वरिष्ठाने समोरासमोर सांगायचं. तोवर बाकी कोणी तोंड उघडायचं नाही. आणि खोटं कोणीच बोलायचं नाही. वरच्यांनी स्वल्पविरामही न बदलता ती मंजूर केली होती. असल्या बाबतीत ग्लेनिसचा हात कोणी धरणार नाही, असं सगळे म्हणत, आणि ग्लेनिसलाही ते पटत असे.

ती तडक पुढच्या टेबलाशी गेली. सगळं टपाल फोडून त्यावर शिक्का मारायचं काम तिथे डॉट एकोणीस वर्षं करत होती.

"डॉट, ज्याची नोकरी जातेय त्याला माझ्याआधी कोणी सांगितलंय?"

"छे. त्या माणसाला बिचाऱ्याला काही पत्ताच नाही."

"म्हणजे बाकीच्यांना आहे?"

"मला फोन घ्यायचाय."

"फोन वाजत नाहीये."

"वाजेल," डॉट म्हणाली आणि रिसीव्हर उचलून बसली.

जेवणानंतर ग्लेनिसच्या ट्रेमध्ये ते पाकीट आयतंच येऊन पडलेलं होतं. डॉटने सवयीने पाकिटावर सगळ्या कचेरीच्या नावांची यादी चिकटवली होती, आणि शेजारच्या गावातून नुकताच आलेला इंजिनियर डेस कागदावर लिहिलेलं सोडून इकडची काडी तिकडे करत नसे. आपल्या नावापुढे खूण करून त्याने पाकीट यादीतल्या पुढच्या माणसाकडे पोचवलं होतं.

कार्डावर नाव नव्हतं. कोणी खांद्यावरून डोकावलं तर कळू नये म्हणून डॉट नाव शेवटी घालत असे. आत डॉटची सही होती, लिओनीची होती. डेसने लिहिलं होतं, 'ओळख व्हायच्या आतच निरोप. शुभेच्छा.' एकाच माणसाची सही नव्हती. मर्व्हची.

मर्व्ह मीटर वाचत फिरणारा. एकसष्ट वर्षांचा, एक गुडघा कामातून गेलेला, आणि गावातला प्रत्येक कुत्रा नावाने ओळखणारा. ग्लेनिसने कार्ड मिटून बाजूला ठेवलं. पण प्रमुखाने डळमळून कसं चालेल? तिने पेन उचललं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'बदलाला घाबरू नकोस. ही संधी आहे. हसत जा.'

ते वाचून पाहिलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. त्या गुडघ्याने माणूस हसत जाणार तरी कुठे? पाकीट डॉटच्या टेबलावर परत टाकून तिने दार लावलं आणि मुख्य कचेरीतल्या आपल्या वरिष्ठाला, हॅमिशला, फोन केला.

"हॅमिश, एक जागा जायचीच असेल तर माझी घे. माझ्या माणसांना हात लावू नकोस."

हॅमिश अडखळत म्हणाला, "तू हे मनापासून बोलतेयस?"

"मी काय थट्टा करतेय?"

"ग्लेनिस, तू माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरवलंस. गुरुवारी येतोच."

मर्व्ह वाचला, असं समजून ग्लेनिस त्या मंगळवारी शीळ घालत घरी गेली. आपल्याला काही होईल, हे तिच्या मनातही आलं नाही. मोडेन पण वाकणार नाही असं म्हटलं की समोरचा नमतो, हा तिचा अनुभव होता.

गुरुवारी हॅमिश तिच्या केबिनमध्ये बसला, नियमाप्रमाणे समोरासमोर.

"दोन कचेऱ्यांना एकच प्रमुख ठेवायचा, तोही तिकडचा, हे गेल्याच आठवड्यात ठरलं. तसं पत्रही पाठवलं होतं. पण तू आपणहून फोन केलास, तेव्हा मला खरंच भरून आलं."

चार पानांत ग्लेनिसने प्रत्येक जागेचा विचार केला होता, फक्त स्वतःच्या सोडून. तिच्या मनाला ते फार लागलं. ती उठून चहाला गेली. तिथे व्हॅनिला स्लाइसच्या गोड वड्यांचं ताट मांडून सगळे उभे होते.

"पत्र तू फोडलंस, डॉट?"

"शिक्का मारायला. सवयीने."

"आणि आठवडाभर मला सांगितलं नाहीस?"

"तुझाच नियम. वरिष्ठ सांगेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही." डॉटचे डोळे पाणावले. तिने कार्ड पुढे केलं. "पण काल तुझी ओळ वाचली आणि आम्ही सगळे रडलो गं. म्हटलं, हिला कळलंय आणि ही स्वतःच स्वतःला धीर देतेय."

मान डोलावून मोकळं होता आलं असतं. पण समोरच फ्रिज होता.

"मला काही कळलं नव्हतं," ग्लेनिस म्हणाली. "मला वाटलं, मर्व्ह जातोय. म्हणून तसं लिहिलं."

मर्व्हने कार्ड घेतलं, चष्मा लावला आणि ती ओळ सावकाश वाचली.

"म्हणजे हे ज्ञान माझ्यासाठी होतं?"

"हो."

"हसत जा?"

"हो, मर्व्ह."

"मग तू चाललीयस तेच बरं आहे," मर्व्ह म्हणाला. मागून आलेल्या हॅमिशने मंगळवारच्या फोनची हकिगत सगळ्यांना सांगितली. मर्व्ह ती शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग त्याने ताटातली सगळ्यात मोठी स्लाइस उचलून ग्लेनिसच्या हातात ठेवली आणि तिच्या बसण्यासाठी आपली खुर्ची सरकवली.