बाबूराव मोकळे हायेत का?

सावळेराममामांनी पहिल्याच दिवशी माझी एका मेलेल्या माणसाशी ओळख करून दिली.

"बाई, हे बाबूराव," ते म्हणाले. "बसा. बाबूराव कुनाला न्हाई म्हनत न्हाईत."

समोर एक व्हीलचेअर होती. मी बसले नाही. बाबूरावांना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्या मांडीवर बसण्याइतकी आमची ओळख नव्हती.

अन्वी, रोहन, तुमच्या शाळेत स्वयंसेवेचे ठरावीक तास भरावे लागतात आणि "आजी, तुमच्या गावात असं काही असतं का?" असं तुम्ही विचारलंत, म्हणून हे लिहिते आहे. असतं. कोल्हारच्या बाजारतळामागे खताचं एक जुनं गोदाम आहे. तिथे आमच्या मंडळाचं रुग्णसाहित्य ठेवलेलं असतं. व्हीलचेअर, वॉकर, काठ्या, कमोडच्या खुर्च्या, डोक्याकडून उचलता येणारे पलंग, हवेच्या गाद्या. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याने यावं, नाव-पत्ता लिहावा आणि वस्तू न्यावी. माणूस बरा झाला की वस्तू परत आणायची. बरा नाही झाला तरीही परत आणायची. मंडळात आम्ही सातजण. सहाजण सवडीने येतो, मामा रोज येतात. मी त्यांना तुमच्या तासांविषयी सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, "तास भरले की पोरं उठून जात्यात का? मधेच?"

मामा साखर कारखान्यात फिटर होते. उंच, वाळके, सत्तरी ओलांडलेले, लग्न न केलेले. कशाचाही स्क्रू, ब्रेक, चाक त्यांच्या हाताखाली सुतासारखं सरळ येतं. जिवंत माणसांशी ते मोजकं बोलतात. बाकी बोलणं गोदामातल्या वस्तूंशी.

त्यांचा नियम साधा होता. एखादी वस्तू कुणाच्या घरी असताना जो पहिला माणूस वारेल, त्याचं नाव त्या वस्तूला. मग ती वस्तू त्याच नावाने ओळखायची. बाबूराव ही पुणतांब्याची खुर्ची. तिला डावीकडे ओढ, कारण मामांच्या मते बाबूरावांचा मळा गावातून निघाल्यावर डाव्या हाताला होता. जिजाबाई हा वॉकर. तो गुळगुळीत फरशीवर कुरकुरतो, शेणाने सारवलेल्या जमिनीवर मुकाट चालतो. "तिला फरशी आवडायची न्हाई," मामा सांगत. हवेच्या गादीचं नाव आबा. आबा पहाटे चारला फुस्स करून अर्धे रिकामे होतात. आबांना दमा होता.

एक हेडमास्तर होते. ते कमोडची खुर्ची होते. त्यांचा मुलगा गोदामात आला तो लाल होऊन.

"आमच्या वडिलांचं नाव कमोडला? साऱ्या गावाला शिकवलं त्यांनी!"

"मी काय करू साहेब," मामा शांतपणे म्हणाले. "त्यावरच बसल्या बसल्या गेले न्हवं ते?"

शेवटी मी मध्ये पडले आणि हेडमास्तरांची बदली एका चांगल्या सागवानी काठीवर केली. मुलगा समाधानाने गेला. मामा महिनाभर नाराज होते. "काठी ऐकत न्हाई," म्हणायचे. "हेडमास्तर अजून तिकडंच हायेत." खरं सांगायचं तर त्या महिन्यात ती काठी नेणारे दोघेही ती परत करून गेले. एकाने कारण सांगितलं, हातात धरली की कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटतं. दुसऱ्याने कारण सांगितलं नाही.

तुम्हाला माहीत आहे, मला असल्या गोष्टी पटत नाहीत. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, कपाटातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. मंडळात आले तेव्हा पहिलं काम केलं ते प्रत्येक वस्तूला क्रमांक देण्याचं. पिवळी चिकटपट्टी, काळी शाई, एक ते तीस. मामा बघत होते.

"बाई, तुमच्या शाळंत पोरांना नंबरानं हाका मारायच्या का?"

"हजेरी क्रमांकानेच घ्यायची असते, मामा."

"म्हनूनच समदी परदेशात पळाली, वाटतं."

यावर तुमचे आजोबा आठ दिवस हसत होते. मी हसले नाही.

क्रमांकांचा उपयोगही झाला नाही. लोणी, राहाता, पारनेर, कुठूनही फोन आला की माणसं एवढंच विचारायची, "बाबूराव मोकळे हायेत का?" एकदा फोन मी घेतला. म्हातारा, बारीक, बाईचा आवाज होता. तोच प्रश्न. मी वहीत बघून चटकन उत्तर दिलं, "नाहीत. ते पारनेरला गेलेत. सोमवारी येतील."

मग तो आवाज म्हणाला, "पारनेरला कशाला? तिथं त्यांचं कुनी न्हाई."

मामांनी माझ्या हातातून फोन घेतला. "वैनी, मी सावळेराम. एका मास्तरीनबाईच्या आईसाठी गेलेत. पाय मोडलाय तिचा. चांगलं घर हाय. व्हय. व्हय. आल्यावर कळवतो." फोन ठेवून ते मला म्हणाले, "बाबूरावांची मंडळी. म्हैन्यातनं एकदा इचारत्यात."

त्यानंतर मी वहीत क्रमांकाशेजारी नावाचा रकाना आखला.

गोदामातही अंधारून आलं की बरं वाटत नसे. फरशी धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून जमिनीला पूर्वी उतार दिलेला आहे. ब्रेक नीट लावला नाही तर खुर्च्या आपल्या आपण शटरकडे निघतात. हे कारण मला ठाऊक आहे. तरी पाठमोरी उभी असताना मागून चाकांचा आवाज येतो आणि मामा सहज म्हणतात, "काय वो, कुठं निघाले एवढ्यात?" तेव्हा ठाऊक असलेलं कारण कामाला येत नाही.

आता अनसूयाबाईची गोष्ट.

ती एसटी स्टँडमागे एका खोलीत राहते. उभं आयुष्य ऊसतोडीत गेलं. मुलगा उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, हंगामात चार-पाच महिने बाहेर. गेल्या पौषात ती मोरीत घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, घरी सोडलं. शेजारीण दोन वेळा ताट ठेवून जायची. बाकी दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. डॉक्टरांनी मला निक्षून सांगितलं, तिला रोज उठवून बसवा, दारापर्यंत न्या, नाहीतर पाठीला जखमा होतील, छाती भरेल, आणि मग ती राहायची नाही. घाई होती. हंगाम थंडीचा, आमच्या सगळ्या व्हीलचेअर बाहेर गेलेल्या. नशिबाने त्याच आठवड्यात एका देणगीदाराने नवीकोरी व्हीलचेअर पाठवली होती. क्रमांक एकतीस. हातांवर प्लॅस्टिक अजून तसंच.

मी मामांना म्हटलं, उद्या सकाळी पोचवा.

पहिल्या दिवशी म्हणाले, चाकाला तेल घालतो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पाय ठेवायचा पावठा ढिला आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ब्रेक तपासतो. चौथ्या दिवशी शेजारणीचा फोन आला, म्हातारीने ताटाला हात लावलेला नाही. मी चप्पल घातली आणि निघाले. इतकी चिडले होते की रस्त्याने काय काय बोलायचं त्याची उजळणी चालली होती.

दिवस मावळला होता. मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, हवेत मळीचा वास. गोदामाचं शटर अर्धं खाली, आत दिवा नाही. "मामा!" म्हणून हाक मारली. उत्तर नाही. मी वाकून आत गेले.

मध्यभागी ती नवी खुर्ची होती आणि तिच्यात मामा बसले होते. मान एका बाजूला कललेली. तोंड किंचित उघडं. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. आणि त्यांच्यासमोर सगळे वॉकर, काठ्या, दोन कमोडच्या खुर्च्या अर्धगोल करून मांडलेल्या. कुणी गेल्यावर त्या घरी माणसं जमतात ना, गप्प बसून राहतात, तशा.

जवळ जाऊन मी त्यांचं मनगट धरलं. गार होतं. नाडी सापडत नव्हती. मी बोटं सरकवून पुन्हा शोधली.

"हात काढा बाई," डोळे न उघडता मामा म्हणाले. "थोडंच राहिलंय."

मी किंचाळले. हे मान्य करायला मला लाज वाटत नाही.

"काय थोडं राहिलंय?"

"भरायचं. रिकामी हाय ही. हिच्यात कोनच न्हाई."

रागाने मी काय काय बोलले ते लिहीत नाही. म्हातारी तिकडे मरायला टेकली आहे, हे मात्र दोनदा बोलले. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग न उठता, तसेच बसून बोलायला लागले. एवढं सलग बोलताना मी त्यांना तेव्हाच ऐकलं.

"माजी आई सा वर्सं खाटंवर हुती. मला कारखान्यात पाळी. घरात दुसरं कोन न्हाई. दाराला कडी लावून जायचो आन् कोपऱ्यापर्यंत तिच्या हाका यायच्या. सावळ्या, सावळ्या. मग शेजारची राधामावशी वारली, तिची खाट चांगली हुती, ती आमाला दिली. एक दिवस पाळी करून आलो तर आत बोलन्याचा आवाज. म्हनलं कोन आलंय? कोन न्हाई. आई खाटंशी बोलत हुती. मला म्हनली, राधा हाय की हितं. तू जा कामाला." त्यांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. "त्या दिसापासनं हाका आल्या न्हाईत, बाई."

बाहेर एक ट्रॉली गेली आणि शटर थरथरलं.

"अनसूयाबाईजवळ कोन हाय? तिथं ही असली रिकामी खुर्ची कशी धाडू? म्हनून चार दिस बसतोय. रोज दिवेलागनीला."

"मामा, पण तुमचाच नियम आहे. माणूस जावा लागतो. तुम्ही तर आहात."

"हाय खरं," ते म्हणाले, जणू ती एक छोटीशी अडचण होती. "पन मी गेल्यावर माजं नाव कोन सांगनार? घरात कोन हाय? आन् मला कधी काय लागलंच न्हाई. काठी न्हाई, वॉकर न्हाई. असाच उभ्या उभ्या जाईन. मग मी ऱ्हाऊ कशात?"



"आणखी किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"तुमीच सांगा. तुमाला वेळाचं कळतं."

मी घड्याळात बघितलं आणि म्हटलं, "पंधरा मिनिटं." मग एका पलंगाच्या कडेला बसले. मामांनी पुन्हा डोळे मिटले. अंधार दाट होत गेला. मध्येच आमच्या मागे काहीतरी चाकावर सरकलं आणि थांबलं. आम्ही दोघांनीही वळून पाहिलं नाही. पंधरा मिनिटं झाल्यावर मी दिवा लावला, वही काढली आणि क्रमांक एकतीसच्या शेजारच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: सावळेराम.

सकाळी आम्ही खुर्ची घेऊन गेलो. अनसूयाबाईने भिंतीकडचं तोंड वळवलं नाही.

"मावशी, हे सावळेराम," मामा म्हणाले.

भिंतीकडूनच आवाज आला. "कोन हुते?" गावात सगळे त्यांना मामाच म्हणतात. नाव तिला ठाऊक नव्हतं.

"कारखान्यात फिटर हुते."

"मानूस कसा हुता?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"बोलायचा कमी," ते म्हणाले. "पन उठून जायचा न्हाई."

अनसूयाबाईने मान वळवली. खुर्चीकडे नीट पाहिलं, मग आमच्याकडे हात पुढे केले. "धरा मग. बसवा."

आता ती दारापर्यंत येते, अंगणात ऊन खाते. ताट पुसून जेवते. मामा रोज संध्याकाळी गोदाम बंद करून स्टँडमागच्या त्या गल्लीतून घरी जातात. ती त्यांची वाट नव्हे, वळसा पडतो. मागच्या आठवड्यात मीही त्यांच्याबरोबर होते. तिच्या खिडकीशी ते थांबले. आतून बोलणं ऐकू येत होतं.

"सावळेराम, आज बी पोराचा फोन न्हाई बघ. इसरला का काय मला?"

"न्हाई इसरत," मामा भिंतीशी अगदी हळू म्हणाले. "ट्रॅक्टरवर असंल."

मग ती म्हणाली, "ट्रॅक्टरवर असंल, न्हाई का?"

मी मामांची बाही ओढली. "आत चला ना. चहा करेल ती. तिलाही बरं वाटेल."

त्यांनी खरोखर आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं.

"आता आत कसा जाऊ, बाई?" ते म्हणाले. "मी हाय की तिथं."